क्लाऊडवर जायचं, पण कशासाठी?

‘बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हडूप शिकू की स्पार्क?’ ‘डोंबिवली एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, सर्व्हर काढून क्लाऊडवर जावं का?’ ‘मुलीच्या क्लाऊड कोर्सची फी कर्ज काढून हप्त्यानं भरा म्हणतात; भरावी का?’ ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वाचकांकडून असे प्रश्न वारंवार येतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ एकाच ठिकाणी होतो. काम किती मोठं आहे आणि ते वाटून करता येतं का, हे पाहण्याआधीच कोणत्या कंपनीचा क्लाऊड घ्यायचा याची चर्चा सुरू होते. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी काम मोजा, मग यंत्र भाड्यानं घ्या, आणि पैसे भरण्यापूर्वी आपले हक्क माहीत करून घ्या.

आधी काम मोजा

कागदावर तीन उत्तरं लिहून काढा.

१. डेटा किती आहे? एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. फाइल त्यापुढे गेली की पुष्कळांना ‘आपला डेटा मोठा झाला’ असं वाटतं. तो एक्सेलला मोठा झालेला असतो, संगणकाला नाही. एसक्यूलाइट किंवा डकडीबी ही मोफत साधनं साध्या लॅपटॉपवर काही कोटी ओळी हाताळतात. डकडीबी तर प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेळी कामाला लावतं, म्हणजे समांतर प्रक्रिया तुमच्या टेबलावरच होते.

२. काम वाटता येतं का? एका भागाचं उत्तर दुसऱ्या भागावर अवलंबून नसेल, तर येतं. हे कसं ओळखायचं ते पुढे पाहू.

३. काम किती वेळा करायचं? वर्षातून एकदा, रोज रात्री, की चोवीस तास? कधीमधी लागणारं मोठं यंत्र भाड्यानं घेणं स्वस्त पडतं. चोवीस तास एकाच गतीनं चालणारं काम असेल, तर स्वतःचं यंत्र काही वर्षांत परवडू शकतं.

उत्तरांवरून ढोबळ निर्णय असा करा:

- काही जीबीपर्यंत: लॅपटॉप पुरे. क्लाऊड फक्त बॅकअपसाठी.
- दहा-वीस ते काही शे जीबी: जास्त मेमरीचं एकच यंत्र काही तासांसाठी भाड्यानं घ्या.
- अनेक टीबी आणि रोजची भर: इथं अनेक यंत्रांवर काम वाटण्याला खरा अर्थ आहे.

तुम्ही नेमकं काय भाड्यानं घेता?

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले संगणक, वापराल तेवढ्या भाड्यानं. ही सेंटरं आपल्यापासून दूर आहेत असंही नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे भागात मोठी डेटा सेंटरं उभी आहेत. ॲमेझॉननं आपल्या सेवेचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू केलं, गुगलनं २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्टचं एक केंद्र पुण्यात आहे. खातं उघडताना ‘रीजन’ विचारला जातो. तिथं मुंबई किंवा पुणे निवडलंत, तर डेटा देशात राहतो आणि प्रतिसादही लवकर मिळतो. मात्र दर रीजनप्रमाणे बदलतात, तेवढे तपासा.

भाड्याच्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात:

- जागा: फाइली ठेवण्यासाठी. भाडं जीबी आणि महिन्याच्या हिशेबानं.
- यंत्र: कोरा संगणक. भाडं तासाच्या किंवा सेकंदाच्या हिशेबानं. आत काय बसवायचं, सुरक्षित कसं ठेवायचं, हे तुम्ही पाहायचं.
- तयार सेवा: डेटाबेस, ईमेल, बिलिंगचं सॉफ्टवेअर. देखभाल कंपनीची, तुम्ही फक्त वापरायचं.

छोट्या व्यवसायाला बहुतेक वेळा तिसरा प्रकार लागतो आणि विक्रेता दुसरा प्रकार गळ्यात मारतो. यंत्र घेतलंत तर ते सांभाळणारा माणूसही लागेल, हे गृहीत धरा.

मोठं काम वाटून कसं होतं?

समजा, मध्य रेल्वेच्या उपनगरी स्थानकांवरच्या वर्षभराच्या तिकिटांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, रोजची एक फाइल. कोणत्या स्थानकावर कोणत्या तासाला किती तिकिटं निघाली, ते काढायचं आहे.

१. वाटणी: ३६५ फाइली उपलब्ध यंत्रांना वाटून दिल्या जातात. प्रत्येक यंत्र आपापल्या फाइलीतली तिकिटं स्थानक आणि तासानुसार मोजतं. कुणी कुणासाठी थांबत नाही.

२. गोळा करणं: डोंबिवलीचे सगळे आकडे एका यंत्राकडे, कल्याणचे दुसऱ्याकडे, ठाण्याचे तिसऱ्याकडे जातात. सगळ्यात जास्त वेळ बहुधा इथंच जातो, कारण आकडे नेटवर्कवरून फिरतात.

३. बेरीज: प्रत्येक यंत्र आपल्याकडे आलेल्या स्थानकांची बेरीज करतं.

गुगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये ‘मॅपरिड्यूस’ या नावानं मांडलेली पद्धत हीच. तिच्यावरून हडूप तयार झालं. हडूप मोठ्या फाइलीचे साधारण १२८ एमबीचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतं. शेकडो यंत्रांत एखादं बंद पडणारच. ते पडलं की त्याचं काम प्रत असलेल्या दुसऱ्या यंत्राकडे जातं आणि हिशेब थांबत नाही. स्पार्क नंतर आलं. ते मधले निकाल शक्यतो डिस्कवर न उतरवता मेमरीत ठेवतं, म्हणून तोच डेटा पुन्हा पुन्हा चाळावा लागणाऱ्या कामात ते पुष्कळ जलद ठरतं.

यात चार ठिकाणी पाय घसरतो:

- एकाच यंत्रावर भार: ठाणे किंवा डोंबिवलीच्या नोंदी लहान स्थानकाच्या कितीतरी पट असतात. कच्च्या नोंदी जशाच्या तशा पुढे पाठवल्या, तर ती स्थानकं ज्या यंत्राकडे जातात ते शेवटपर्यंत राबतं आणि बाकीची रिकामी बसतात. भाडं मात्र सगळ्यांचं चालू. उपाय असा, की प्रत्येक यंत्रानं आधी आपल्या फाइलीपुरती बेरीज करायची आणि फक्त बेरजा पुढे पाठवायच्या.
- सरासरीची सरासरी: एका भागात १०० तिकिटं, सरासरी १० रुपये, दुसऱ्यात ९०० तिकिटं, सरासरी २० रुपये. दोन्ही सरासरींची सरासरी १५ येते, खरं उत्तर १९ आहे. म्हणून प्रत्येक भागाकडून एकूण रक्कम आणि एकूण संख्या अशा दोन्ही गोष्टी मागवा.
- क्रमानं चालणारा हिशेब: बँक खात्याची चालू शिल्लक साध्या पद्धतीनं मागची ओळ झाल्याशिवाय निघत नाही. एका खात्याचा हिशेब यंत्रांत वाटून फारसं काही साधत नाही. पण खाती लाखभर असतील, तर खात्यांनुसार वाटणी सहज होते. कशावर वाटायचं, हा निर्णय यंत्रं किती घ्यायची याच्या आधी करा.
- लहान फाइलींचा ढीग: लाखभर छोट्या फाइली उघडण्यातच वेळ जातो. त्या एकत्र करा. सीएसव्हीऐवजी पार्के स्वरूपात ठेवल्या, तर हवे तेवढेच स्तंभ वाचले जातात आणि वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

जास्त यंत्रं घेतली की काम तितकंच लवकर होतं का?

नाही. दहा तासांच्या कामात एक तासाचा भाग वाटता येत नाही असं धरा. उरलेले नऊ तास नऊ यंत्रांत वाटले, तर एकूण दोन तास लागतील. नव्वद यंत्रं लावली तर एक तास सहा मिनिटं. यंत्रं दहापट वाढली आणि वेळ निम्म्यानंही घटला नाही. कितीही यंत्रं घ्या, तो एक तास राहतोच. म्हणून सगळा डेटा टाकण्यापूर्वी त्यातला एक टक्का घेऊन काम चालवून पाहा. मग यंत्रं दुप्पट करा. वेळ जवळपास निम्मा झाला तरच पुढे जा.

डेटा वर चढवायचा वेळही धरा. घरच्या जोडणीचा अपलोड वेग ४० एमबीपीएस असेल, तर एक टीबी चढवायला सुमारे ५५ तास लागतात. जाहिरातीत बहुधा डाऊनलोडचा वेग ठळक असतो. तुमचा अपलोड वेग स्वतः मोजा.

तुमच्या गरजेप्रमाणे पर्याय

कारखाना, दवाखाना, दुकान किंवा सोसायटीचं कार्यालय

टॅलीचा डेटा, बिलं, ड्रॉइंग, रुग्णांच्या नोंदी हे सगळं मिळून बहुधा काही शे जीबीच्या आतच असतं. इथं प्रश्न समांतर प्रक्रियेचा नसून डेटा सुरक्षित राहण्याचा आहे.

- तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत शहराबाहेर. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठचे भाग पाण्याखाली गेले होते. अशा वेळी कारखान्यातली डिस्क आणि त्याच परिसरातल्या घरातली डिस्क दोन्ही भिजू शकतात. क्लाऊडचा पहिला उपयोग ही बाहेरची प्रत.
- ड्राइव्हशी ‘सिंक’ करणं म्हणजे बॅकअप नव्हे. खंडणीखोर व्हायरसनं फाइल बिघडवली, तर बिघडलेली फाइलच वर सिंक होते. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय सुरू आहे का, ते पाहा.
- तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून फाइल परत आणून उघडून पाहा. उघडली नाही तर तो बॅकअप नाही.

विद्यार्थी आणि नोकरी बदलू पाहणारे

‘हडूप की स्पार्क’ याचं उत्तर आहे: आधी एसक्यूएल. क्रम असा ठेवा: लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, एसक्यूएल, पायथन, मग स्पार्क. हडूपची रचना समजून घ्या. तिच्यावर हातानं मॅपरिड्यूस लिहिण्याचं काम आज क्वचितच मिळतं.

- कार्ड न देता सराव: गुगल कोलॅब मोफत चालतं. गुगल बिगक्वेरीच्या सँडबॉक्समध्ये १० जीबी जागा आणि महिन्याला एक टीबीपर्यंतच्या क्वेरी मिळतात, कार्ड लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विद्यार्थी योजनेत १०० डॉलरचं क्रेडिट कार्डाशिवाय मिळतं.
- मोफत व्याख्यानं: एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्लाऊड आणि बिग डेटावरचे अभ्यासक्रम आहेत. ऐकायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क.
- पूर्णवेळ शिक्षण: सी-डॅकचा बिग डेटा ॲनालिटिक्सचा पदविका अभ्यासक्रम सी-कॅट प्रवेश परीक्षेतून मिळतो. सी-डॅक म्हणजे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर प्रक्रियेचा महासंगणक तयार करणारी पुण्याची संस्था. तिचं केंद्र मुंबईतही आहे.

बिल फुगू नये म्हणून

मोफत योजना मर्यादित असतात. गुगल नव्या खात्याला ९० दिवसांसाठी ३०० डॉलरचं क्रेडिट देतं, मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांसाठी २००. ॲमेझॉननं जुलै २०२५ पासून जुनी बारा महिन्यांची पद्धत बदलून क्रेडिटची पद्धत आणली. यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ पाहून खातं उघडू नका. त्या दिवशीचं अधिकृत पान वाचा.

खातं उघडल्यावर पहिल्या तासात हे करा:

१. मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा. रोजच्या कामासाठी कमी अधिकारांचा वेगळा वापरकर्ता तयार करा.

२. बजेटचा इशारा लावा, अगदी पाचशे रुपयांवरही. लक्षात ठेवा, इशारा कळवतो, यंत्र बंद करत नाही.

३. व्यवसायासाठी खातं असेल तर जीएसटी क्रमांक भरा. सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत असाल तर त्याचं क्रेडिट घेता येतं.

आणि या जागांवर नजर ठेवा:

- यंत्र ‘थांबवलं’ तरी त्याला जोडलेली डिस्क भाडं खात राहते. काम संपलं की यंत्र, डिस्क, जुने स्नॅपशॉट सगळं काढून टाका. ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपी पत्त्याचेही पैसे घेतं.
- डेटा आत टाकायला सहसा शुल्क नसतं. मर्यादेपलीकडे बाहेर काढायला असतं. सोडून जाण्याचा खर्च आत शिरण्यापूर्वी काढा.
- बिगक्वेरीत नेहमीच्या दरपद्धतीत पैसे वाचलेल्या डेटाचे लागतात. साध्या टेबलावर ‘फक्त दहा ओळी दाखव’ म्हटलं तरी ते अख्खं वाचलं जाऊ शकतं. हवे तेच स्तंभ मागा.
- ‘स्पॉट’ यंत्रं खूप स्वस्त असतात, पण कंपनी ती ऐनवेळी परत घेते. ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देतं. मध्येच थांबून पुन्हा सुरू करता येईल अशाच कामाला ती घ्या.
- रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५ हजार रुपयांपर्यंतची ठरलेली आवर्ती वसुली दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर मर्यादा घाला. मर्यादेमुळे वसुली अडेल, देणं मात्र मिटणार नाही.

खात्याची चावी फुटली तर

प्रोजेक्टचा कोड गिटहबवर टाकताना त्यात खात्याची गुप्त ‘की’ राहून जाते, असं नव्या मंडळींकडून नेहमी होतं. अशा चाव्या शोधणारे प्रोग्राम सतत फिरत असतात आणि तुमच्या नावावर महागडी यंत्रं सुरू होतात. तसं झालं तर याच क्रमानं करा:

१. ती की लगेच रद्द करा. कोडमधून पुसणं पुरेसं नाही. जुन्या नोंदीत ती तशीच राहते.

२. सगळ्या रीजनमध्ये जाऊन अनोळखी यंत्रं बंद करा. फक्त मुंबई पाहून थांबू नका.

३. पासवर्ड बदला आणि अनोळखी वापरकर्ते काढा.

४. कंपनीच्या सपोर्टकडे लेखी तक्रार करा. वेळ आणि स्क्रीनशॉट जोडा. बिल माफ करण्याची विनंती करता येते, पण तो तुमचा हक्क नाही.

५. कार्डावरून तुम्ही न केलेला व्यवहार झाला असेल, तर बँकेला ताबडतोब कळवा आणि १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. तिसऱ्या पक्षानं केलेल्या गैरव्यवहारात, चूक ना बँकेची ना तुमची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार तुमच्यावर भार येत नाही.

क्लासची फी भरण्यापूर्वी

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशन परिसरात क्लाऊड आणि बिग डेटाच्या पाट्या पुष्कळ दिसतात. आत गेल्यावर हे विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- सरावासाठी खऱ्या क्लाऊडवरचं खातं कोण देणार, आणि त्याचं बिल कोण भरणार?
- विद्यार्थी स्वतः किती जीबी डेटावर, किती यंत्रांवर काम करणार? फक्त स्लाइड असतील तर एनपीटेल मोफत आहे.
- प्रमाणपत्र कुणाचं? क्लासचं प्रमाणपत्र आणि क्लाऊड कंपनीची परीक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत.
- मध्येच सोडल्यास किती फी परत मिळेल?
- ‘शून्य टक्के हप्ता’ म्हणजे बहुधा वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज. क्लास बंद पडला तरी हप्ते सुरू राहू शकतात. कर्जाचा तथ्यपट (की फॅक्ट स्टेटमेंट) मागा. डिजिटल कर्जात ठरावीक दिवसांत दंड न भरता माघार घेण्याची सोय असते. ती मुदत सही करण्याआधी वाचा.

तुमचे हक्क

- खोटी जाहिरात: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग संस्थांना नोकरीची किंवा यशाची खोटी हमी देता येत नाही. ‘आज रात्रीपर्यंतच शेवटच्या दोन जागा’ असा खोटा दबावही आणता येत नाही. जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवा.
- ग्राहक आयोग: आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तोडगा निघाला नाही तर ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, संस्थेचं मुख्यालय बंगळुरूत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.
- व्यवसायाचं खातं: व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेत तुम्ही कायद्यानं ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला यात सवलत आहे. बाकीच्यांनी करारातली सेवाहमी, डेटा परत मिळण्याची मुदत आणि वाद कुठे चालेल ही कलमं आधीच वाचावीत.
- दुसऱ्यांचा डेटा: रुग्णांची, विद्यार्थ्यांची, सभासदांची माहिती क्लाऊडवर ठेवली म्हणून जबाबदारी क्लाऊड कंपनीकडे जात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे ती माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारा जबाबदार असतो, म्हणजे तुम्ही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. फाइलींचा फोल्डर ‘सर्वांसाठी खुला’ तर नाही ना, एवढं आजच तपासा.

विक्रेत्याशी किंवा क्लासशी बोलायला जाल तेव्हा डेटा किती, वाटणी कशावर, काम किती वेळा, ही तीन उत्तरं लिहिलेला कागद बरोबर न्या. समोरच्यानं तो न वाचताच दर सांगितला, तर दुसरीकडे चौकशी करा.